नखातली माती

अवकाळी पाऊस आला तो जेमतेम घटकाभर, पण नेमका नको तिथं आला. सकाळी उठून पाहिलं तर पटांगणात वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगा बसल्या होत्या. कडा गळालेल्या, कोपरे खचलेले. लेकराने चोखून चोखून टाकून दिलेल्या बिस्किटासारखी एकेक वीट.

मामंजी काठी टेकत रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. हिवाळ्यात कंबर धरल्यापासून त्यांना वाकता येत नव्हतं. काठीच्या टोकाने त्यांनी एक वीट दाबली. ती मुकाट्याने पसरली.

"चला," ते म्हणाले. "मातीची माती झाली, दुसरं काय! रडायचं असेल त्याने तिथंच बसून रडा. तेवढंच पाणी वाचेल."

कुणी रडलं नाही. नवऱ्याने फावडं उचललं. सासूबाईंनी लुगड्याचा काचा आवळला. सुनेने झोळीतल्या चिंगीच्या अंगावर पांघरूण ओढलं, झोळीच्या दोरीला दोन झोके दिले आणि ती चिखलात उतरली.

गावाबाहेरच्या उतारावर या घराची वीटभट्टी होती. भट्टीच्या अंगालाच दोन खोल्या, पुढं पडवी, पडवीपुढं पटांगण. धूर दारातून आत यायचा आणि खिडकीतून बाहेर जायचा, पाहुण्यासारखा. यंदा चर्चच्या नव्या सभागृहाला विटा द्यायचं काम मिळालं होतं आणि त्या एका कामावर घराचं वर्ष उभं होतं. अर्धा माल मागच्या भट्टीतून जाऊन पोचला होता. उरलेला अर्धा काल रात्री वाहून गेला.

या घरात बायका माती मळायच्या, वाहायच्या. साचा मात्र पुरुषाच्या हातात. पण मामंजींची कंबर गेली आणि साचा रिकामा पडला. तेव्हा एक दिवस सुनेने तो उचलला. लाकडी चौकट, आतून राखेची पूड भुरभुरायची, चिखलाचा गोळा दाणकन आपटायचा, कोपऱ्यांत अंगठ्याने दाबायचा, वरचा जास्तीचा चिखल फळीने ओढून काढायचा आणि साचा पालथा घालून अलगद उचलायचा. वीट जमिनीवर उतरते तो क्षण सुनेला फार आवडायचा. ओली, चकचकीत, सगळ्या कडा शाबूत. नुकतं अंघोळ घातलेलं बाळच. तिच्यावर ती दोन बोटं टेकवायची, एकदा उभी आणि एकदा आडवी. छोटासा क्रूस उमटायचा.

हे तिच्या आईचं. आई पीठ मळून झालं की गोळ्यावर अशीच बोटं टेकवायची, आणि मगच झाकायची. "काम आपल्या हातून सोडताना त्याच्या हाती द्यावं," एवढंच म्हणायची. लेकीने पीठ सोडून मातीला हात घातला, तर बोटं आपली सवयीने तिथंही गेली.

मामंजींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भुवई वर केली. "बरंय," म्हणाले. "तेवढ्या खाचेत सिमेंटचा माल चांगला धरेल." नवऱ्याने पाहिलं की नाही कोण जाणे, चिखल तुडवणाऱ्या माणसाची नजर पायाखाली असते. आणि सासूबाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

सासूबाईंचं सगळंच कडक. त्यातही हात धुण्याचं फार. संध्याकाळी दिवा लागला की घरात प्रार्थना व्हायची, आणि हात कोपरापर्यंत साबणाने दोनदा धुतल्याशिवाय कुणी प्रार्थनेला बसायचं नाही. नखातली माती काडीने काढायची. मग त्या एकेकाचे हात दिव्याजवळ धरून बघायच्या, शाळेतल्या बाईंसारख्या. मामंजी म्हणायचे, "अगं, देवाने पहिला माणूस मातीचाच केला म्हणतात. त्याने कुठं नखं तपासली?" सासूबाई म्हणायच्या, "तो देव होता. तुम्ही हात दाखवा."

सुनेच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. साबण लागला की डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी प्रार्थनेचं आहे असं समजून सासूबाई खूश व्हायच्या.

वाहून गेलेली माती पुन्हा गोळा झाली. पुन्हा मळली. सून साच्यावर बसली ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत उठायची नाही. चिंगी रडली की तिथंच मांडीवर घ्यायची, पदराखाली पाजायची, आणि पाजता पाजता एका हाताने ओल्या विटांवर राख भुरभुरायची. हळूहळू पटांगण भरलं. रांगा वाळल्या, मग उभ्या झाल्या, मग एकावर एक चढल्या. आता त्या भट्टीत रचायच्या आणि पेटवायचं, एवढंच राहिलं होतं.

त्याच दिवशी पंच आले.

पंच म्हणजे चर्चच्या मंडळीतलं मोठं प्रस्थ. धान्याचे व्यापारी. सभागृहाचं बांधकाम त्यांच्याच देखरेखीखाली. कपड्यांची घडी कधी मोडायची नाही म्हणून लोक मागून त्यांना 'इस्त्री' म्हणायचे. ते पटांगणाच्या काठावर उभे राहिले. आत आले असते तर बूट भरले असते.

"कोण आहे घरात?"

मामंजी पडवीतून उठायला लागले. कंबर लगेच सरळ होईना.

"बसा, बसा. मला एकच विचारायचंय. विटांवर क्रूस कोण काढतं?"

नवरा चिखलातून वर आला. मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी काठीकडे पाहिलं.

"मी," सून म्हणाली. चिंगी तिच्या कडेवर होती.

"तू!" पंचांनी मान हलवली. "तुला कल्पना आहे का, तुझे क्रूस कुठं कुठं जाऊन बसलेत? दवाखान्यामागच्या संडासाला! मी स्वतः गेलो होतो काल. बसलो, समोर बघतो, तर भिंतीच्या वरच्या थरावर ओळीने क्रूस! एक, दोन, तीन, चार... माणसाने करावं काय अशा वेळी? धड बसता येईना, धड उठता येईना!"

नवऱ्याने पटकन खाली मान घातली. त्याच्या खांद्याला बारीकसा हिसका बसला. एरवी हे घर आठवडाभर हसलं असतं.

झालं होतं ते साधंच. मागच्या भट्टीत ज्या विटा आगीच्या फार जवळ होत्या त्या भाजून काळ्या पडल्या होत्या. खंगर म्हणतात त्यांना. दिसायला वाईट, पण पाण्याला दाद देत नाहीत. सभागृहाला सुबक विटा गेल्या आणि खंगर दवाखान्याच्या नव्या संडासाला. बांधणाऱ्याने छपराखालचा शेवटचा थर विटा कडेवर उभ्या करून रचला होता, म्हणून खुणांची बाजू समोर आली होती. गिलावा व्हायचा होता.

"मुद्दाम नाही केलं," मामंजी म्हणाले. "पोरीची भाबडी सवय आहे."

"भाबडेपणाने देवाचा अपमान झाला तर तो अपमान नसतो का? ज्या खुणेपुढं आपण गुडघे टेकतो ती खूण तुम्ही घाणीत गाडलीत." पंचांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "हे बघा. या ज्या रचल्यात, त्यांच्यावरचे सगळे क्रूस घासून काढायचे. मगच भट्टी पेटवा. आणि रविवारी भक्तीनंतर हिने मंडळीपुढं उभं राहून माफी मागायची. नाहीतर सभागृहाला नदीपलीकडच्या भट्टीवरून विटा आणतो मी. माझं काही अडत नाही."

ते वळले. जाता जाता थांबून सुनेच्या हातांकडे बघून म्हणाले, "आणि त्या हातांनी क्रूस काढायचा म्हणजे आधी हात तरी बघावेत माणसाने."

सुनेने हात चिंगीच्या पाठीमागे नेले.

त्या संध्याकाळी जेवताना कुणी कुणाच्या ताटात बघितलं नाही.

"माग ना माफी," नवरा म्हणाला. "दोन शब्द बोलायला काय जातंय? वर्षाचं काम आहे."

"मागते की. पण काय म्हणून मागू ते सांगा. चुकले म्हणू? मग उद्या साच्यावर बसल्यावर बोटांना काय सांगू?"

"बोटांना कसलं सांगायचं! बोटं काय ऐकतात?"

"माझी नाही ऐकत."

"बघितलंत?" नवरा मामंजींकडे वळला. "घरात एक आई होती, आता दोन झाल्या."

मामंजींनी घास सावकाश गिळला. "मी एकच म्हणतो. तो सुतार होता. उपदेश करत फिरायच्या आधी कितीतरी वर्षं रंधाच मारत होता ना? मग त्याच्या हातच्या चौकटी काय सगळ्या प्रार्थनाघरांनाच लागल्या असतील? एखादी गोठ्याला लागली असेल. एखादी आणखी कुठं. तो काय गिऱ्हाइकाला विचारत बसला असेल, बाबा रे, ही कुठं लावणार?"

"हे पंचांपुढं का नाही बोललात?"

"कंबर दुखत होती," मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी ताटं एकात एक घातली. उठताना म्हणाल्या, "जास्तीचं शहाणपण बायकांच्या जातीला परवडत नाही. उद्या सकाळी घासायला बसू. कोयता बोथट आहे तो घे."

सकाळी त्या दोघी विटांच्या थप्पीशी बसल्या. पुरुष जळणाची लाकडं आणायला गेले होते. चिंगीची झोळी झाडाला बांधलेली. एक वीट उचलायची, मांडीवर घ्यायची, कोयत्याच्या पात्याने खरवडायची. वाळलेल्या मातीचा पिवळा भुगा लुगड्यावर पडायचा. क्रूस जायचा; पण पूर्ण जायचा नाही, खोलगट डाग राहायचा. जखम भरल्यावर राहतो तसा.

सून रडत नव्हती. फक्त दर वीट खाली ठेवायच्या आधी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवायची.

सासूबाईंची बोटं सांध्यांत सुजलेली. त्यांचा वेग कमी. बराच वेळ नुसतं खर्र खर्र. मग त्यांनी एकदम विचारलं,

"संडासातला थर तू बघितलास?"

"नाही."

"मी बघून आले. काल, पंच गेल्यावर."

सुनेने मान वर केली. सासूबाई विटेकडेच बघत होत्या.

"भिंत नवी आहे. जागा तीच. मी त्या दवाखान्यात आया होते, तुला ठाऊक आहे. पण आया म्हणजे काय, ते तुला कुणी सांगितलं नसेल. भांडी उचलायची. जुलाबाची, उलट्यांची, रक्ताची. मागं नेऊन ओतायची, धुवायची, मग जागा धुवायची. खराटा आणि बादली. ह्यांच्याशी लग्न व्हायच्या आधीपासून, तुझा नवरा पोटात असेपर्यंत."

"आई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं त्यात? अंगाचा वास जायचा नाही. चर्चमध्ये शेजारची बाई सरकून बसायची. मी घासघासून हात धुवायचे, तरी सरकायचीच." त्यांनी विटेवरचा भुगा फुंकला. "आणि मी तिथं प्रार्थना करायचे."

"कुठं?"

"तिथंच. खराटा मारता मारता. दुसरा वेळच कुठं होता? घरी सासू, दीर, चूल. तेवढी एकच जागा, जिथं माझ्यामागं कुणी यायचं नाही. म्हणायचे, देवा, हा जो आत कण्हतोय ना, त्याला जगव. ही बाळंतीण आहे, हिचं बाळ राहू दे. कधी कधी माझं माझं सांगायचे. एकदा गाणंसुद्धा म्हटलं." त्या किंचित हसल्या, आणि हसू तिथंच विरलं. "मग वाटायचं, अशा जागी त्याचं नाव घेतलं, पाप लागेल. म्हणून घरी येऊन कोपरापर्यंत हात धुवायचे आणि तीच प्रार्थना परत म्हणायचे. स्वच्छ होऊन. पण दमलेली असायचे गं. अर्ध्यावर झोप लागायची. परत म्हणायची राहून गेली असेल पुष्कळदा."

कोयता थांबला होता. झोळीत चिंगी आपल्याशीच काहीतरी बोलत होती.

"मला पंचांचं काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "मोठा माणूस आहे, बोलणारच. पण काल तिथं उभी राहिले आणि मनात आलं, क्रूस इथं बसला हा जर अपमान, तर मग माझं ते सगळं... ते पोचलं असेल का गं?"

सुनेने सासूच्या मांडीवरची वीट काढून घेतली, बाजूला ठेवली. तिच्यावरचा क्रूस अर्धा घासलेला होता, आडवी रेघ तेवढी राहिली होती. सासूबाईंनी ती वीट परत ओढून घेतली आणि घासून पुरी केली. हाती घेतलेलं काम अर्धं टाकायची त्यांना सवय नव्हती.

रविवारी भक्ती संपली. शेवटचं गीत झालं तरी कुणी उठलं नाही. बातमी सगळीकडे गेली होती. पाळक म्हातारे होते. खोकला लागायचा, वाक्य अर्ध्यावर सोडून पाणी प्यायचे. त्यांनी चष्मा काढून पुसला. हे आपल्या गळ्यात का आलं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पंच उभे राहून म्हणाले, "भट्टीवरच्या बाईंना काही बोलायचंय."

सून उठली. चिंगीला नवऱ्याकडे द्यायला गेली तर चिंगीने गळाच सोडला नाही. तिला घेऊनच ती पुढं गेली. हात इतके धुतले होते की भेगांतून लाल दिसत होतं. समोर सगळी तोंडं. तिने घसा साफ केला.

"मला..." एवढंच आलं.

मागं बाक करकरला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. मामंजींनी त्यांचा पदर धरला, त्यांनी तो सोडवून घेतला.

"पाळकसाहेब, थांबा. हिच्या आधी माझा नंबर."

"बाई, तुम्ही..."

"हिने क्रूस काढला तो भट्टीवर. चांगल्या, मोकळ्या जागी. तिथून तो विटेबरोबर गेला. मी तर त्याच जागेत उभी राहून देवाचं नाव घेतलंय. खराटा हातात असताना. आत जो कण्हतोय त्याला जगव, म्हणायचे. एकदा नाही, रोज." त्यांनी पुढच्या बाकाची पाठ धरली. "त्या माफीचं कुणी कधी मला विचारलं नाही, म्हणून मागायची राहिली. हिची आज होणार असेल तर माझी पण करून टाका. फक्त मागायच्या आधी मला एवढं सांगा, ते ऐकलं गेलं की नाही? ऐकलं गेलं नसेल तर माफी कशाची? आणि गेलं असेल तरी कशाची?"

चर्चमध्ये एक मूल शिंकलं. कुणी त्याला दटावलं नाही.

पाळकांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. सुनेकडे वळले.

"बाळ, बोटं टेकवताना तू काय म्हणतेस?"

"काही ठरलेलं नाही," सून म्हणाली. "कधी म्हणते, ही तुझी. जिथं जाईल तिथं उभी राहू दे. कधी हिचं नाव घेते." तिने चिंगीला वर सरकवलं. "पुष्कळदा काहीच म्हणत नाही. दमले की नुसतीच बोटं जातात."

"हं." पाळक खोकले. पाणी प्यायले. "माझं पण तसंच होतं. इथं उभा राहून. पुष्कळदा नुसतंच तोंड चालतं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

मग ते सासूबाईंकडे बघून म्हणाले, "मी त्या दवाखान्यात पडून होतो, तरुणपणी. महिनाभर असेन. त्या मागच्या जागेत भिंत धरून धरून जायचो. ती नेहमी धुतलेली असायची. कुणी धुतली, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही." त्यांनी चष्मा खिशात ठेवला. "आत कण्हणारा मी असेन," एवढंच म्हणाले आणि पहिल्या बाकावर, लोकांमध्ये, जाऊन बसले.

पंच उभेच होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कोटाचं बटण लावलं, सोडलं. शेवटी तेही बसले. सून पुढं एकटीच उभी. मग तिला कळलं, आता कुणी काही मागत नाहीये. ती परत आपल्या जागी आली. सासूबाई अजून उभ्याच होत्या; तिने त्यांना दंड धरून खाली बसवलं. शेजारची बाई या खेपेला सरकली नाही.

बाहेर पंच मामंजींना गाठून म्हणाले, "विटा धाडा." आणि दोन पावलं जाऊन मागं न बघता म्हणाले, "घासलेल्याच."

"घासलेल्याच," मामंजी म्हणाले.

सोमवारी भट्टी रचली. थरावर थर, मध्ये हवेला फटी, खाली लाकडांच्या वाटा. नवरा वर, सून खालून वीट झेलून देणारी. घासलेल्या विटा हाताला खरखरीत लागत होत्या. अंगठा त्या खोलगट जागेवर आपोआप जायचा, आणि ती वीट पुढं द्यायची. दुपार कलल्यावर मामंजींनी काठीवर भार देऊन भट्टीच्या तोंडात पेटती काडी सरकवली. लाकडांनी आधी धूर दिला, मग ती तडतडली. आग आत धरली तसं तोंड विटांनी बुजवलं. आता ते चिखलाने लिंपायचं, म्हणजे ऊब बाहेर जाणार नाही.

"मी लिंपते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुमची बोटं..."

"बोटं माझी आहेत ना? घमेलं इकडं कर."

त्यांनी ओंजळीने चिखल घेतला आणि भट्टीच्या तोंडावर थापला. पुन्हा घेतला. तळहाताने पसरला, कडा दाबल्या, फटी शोधून शोधून बुजवल्या. ऊब चिखलातून बाहेर येत होती. त्यांचं तोंड लाल झालं होतं. सगळं गुळगुळीत झाल्यावर त्या मागं सरकल्या. मग पुढं झाल्या आणि दोन सुजलेली बोटं त्या ओल्या चिखलात टेकवली. एक उभी रेघ, हातभर. एक आडवी.

नवरा वरून बघत होता. "आई! हे आणि कुणाच्या घरी जाणार?"

"कुणाच्या नाही. भट्टी निवली की तूच फोडशील हे, आणि टाकशील त्या खड्ड्यात."

काठी भिंतीला टेकवून मामंजी भट्टीजवळच्या दगडावर बसले.

उन्हं उतरली. पटांगणावर भट्टीची ऊब पसरली आणि संध्याकाळच्या गारव्यातही बरं वाटायला लागलं. सुनेने चिंगीला पाजलं, दिवा लावला, आणि रोजच्यासारखी साबणाची वडी व पाण्याची बादली पडवीत आणून ठेवली. आधी सासूबाईंसाठी तांब्या भरून धरला.

सासूबाईंचे हात कोपरापर्यंत चिखलाचे होते. वाळून पांढरट पडलेला, भेगाळलेला. नखांत गच्च माती. त्यांनी तांब्याकडे पाहिलं. मग हातांकडे पाहिलं, दिव्याजवळ नेऊन, उलटसुलट, रोज दुसऱ्यांचे बघायच्या तसे.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"न धुता?" नवऱ्याला खरं वाटेना.

"तू धू. तुला धुवायचे असतील तर." त्या भट्टीकडे तोंड करून खाली बसल्या. हात मांडीवर, तळवे वर. "ये गं, तू पण ये. पाणी थंड आहे, भेगांना झोंबेल."

सून तांब्या ठेवून त्यांच्या शेजारी बसली. चिंगीने हात लांब करून आजीचं मातीचं बोट धरलं आणि सरळ तोंडात घातलं. सासूबाईंनी ते ओढून घेतलं नाही. डोळे मिटले, आणि नेहमीच्या, जरा कडक आवाजात प्रार्थना सुरू केली.